फळ्या टाकायची वीस मिनिटं

बुधवारी अकरा वाजता आरोग्य केंद्रात चौकशीला या, असा निरोप आला. केंद्र उघडं होतं. पंखे फिरत होते, खिडकीत औषधं मिळत होती. दीड महिन्यापूर्वी पुतळीला घेऊन मी याच पायरीवर उभा होतो, तेव्हा दाराला कुलूप होतं. पुतळी माझी बायको. त्या दिवशी रविवार होता.

तक्रार माझ्या मुलीनं, नम्रतानं केली होती. चौकशीला तालुक्याहून प्रणिता मॅडम आल्या होत्या. टेबलावर अहवाल तयारच होता. मी फक्त सही करायची होती.

"वाच गो," मी नम्रताला म्हटलं.

तिनं वाचलं. "नातेवाइकांनी घरगुती उपाय करण्यात वेळ दवडला. रुग्णास उशिरा आणले."

"घरगुती उपाय कुठला?"

"लवंग," मॅडम म्हणाल्या. "पेणच्या डॉक्टरांना तुम्हीच सांगितलंत, दाढेत लवंग धरायला दिली म्हणून."

व्हय, सांगितलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय दिलं, तर मी खरं ते सांगितलं. ते असं माझ्याच गळ्यात अडकवतील हे मला काय माहीत?

आमचं वडखळच्या पलीकडे खाडीला मिठागर आहे. उधाणाला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, मग उघाडी बंद करायची. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, त्यात एकावर एक लाकडी फळ्या टाकतात. त्या दिवशी मी पाणी घेत होतो. पुतळी भाकरी घेऊन आली आणि बांधावर बसली. हात गालाला लावलेला.

"दाढ दुखत्ये ओ. पार कानापर्यंत."

"मिसरी लाव अजून. दात राहिलेत कुठे तुझ्या तोंडात?"

"तुमच्या तोंडात जीभ राहिलीय तेवढी पुरे हाय."

तिच्या कनवटीला लवंग असायचीच. ती मी तिला दाढेखाली धरायला लावली. मग बघितलं तर तिला घाम फुटलेला. आमच्याकडे उन्हात घाम सगळ्यांनाच येतो, पण हा गार होता. मी म्हटलं, चल. तर ती म्हणाली, "आधी फळ्या टाका."

भरती चढत होती. दार उघडं टाकून गेलो असतो तर शेजारच्या अकरा घरांचं तयार मीठ विरघळलं असतं. उघाडी उघडी टाकून आमच्यात कोणी जात नाही. वरून तिसरी फळी फुगून अडकली. ती ठोकून बसवेपर्यंत वीस मिनिटं गेली. पुतळी बसून बघत होती.

"अहो बाबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणता दोनला इथे आलो. घड्याळ बघितलं होतं?"

"घड्याळ नाय माझ्याकडे. द्वितीया होती. द्वितीयेला दीडला पाणी भरतं. फळ्या टाकल्या तेव्हा भरत आलं होतं. शेजारच्या मिथुनचा टेंपो मीठ न्यायला बांधावरच आला होता. तिथून इथे अर्धा तास."

"तिथीवर अहवाल लिहिता येत नाही."

"मग मोबाइलवर लिहा," नम्रता म्हणाली आणि मिथुनकडून आणलेला फोन त्यांच्यासमोर ठेवला. "दोन वाजून सहा मिनिटं. अँब्युलन्सच्या गाडीसाठी पहिला फोन. या पायरीवरनं केला."

गाडी रोह्याला पेशंट सोडायला गेली होती. एक तास लागेल म्हणाले. केंद्राची स्वतःची गाडी शेडमध्ये उभी होती, ड्रायव्हर सुट्टीवर. डॉक्टर पनवेलला राहतात, सोमवारी येतात. हे शिपायानं सांगितलं, तेही कुंपणाच्या पलीकडून, लुंगीवर.

मग मिथुननं टेंपो जवळच्या मोठ्या कंपनीच्या वसाहतीकडे घेतला. तिथल्या दवाखान्यात चोवीस तास डॉक्टर असतो, रविवार असो की दिवाळी. गेटवर निलेश होता. गडबचा पोरगा, माझ्या हातचं मीठ खाल्लेला.

"काका, कार्ड?"

"मिथुन कामाला हाय ना तुमच्या कंपनीत."

"तो ठेकेदाराचा. ठेकेदाराच्या माणसाला कार्ड नसतं. आणि ही त्याची कोण?"

"निलेश, तिच्याकडे बघ तरी."

त्यानं बघितलं नाही. आत फोन लावला आणि वाट बघत राहिला. मागून एक पांढरी मोटार आली. आत अर्ध्या चड्डीतला साहेब, पायावर बर्फाची पिशवी. खेळताना घोटा मुरगळला होता. दांडा वर गेला, मोटार आत गेली, दांडा खाली आला. पुतळी टेंपोत मिठाच्या रिकाम्या पोत्यांवर पडली होती. ती म्हणाली, "त्याला पण दुखत असेल." त्यानंतर ती बोलली नाही.

पेणला पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. तिथला डॉक्टर म्हणाला, हार्ट अटॅक होता, गेली. तासभर आधी आणायला हवं होतं.

"सही करा," प्रणिता मॅडम म्हणाल्या. "मलाही वाईट वाटतं. पण उपाय केलात हे खरं आहे ना?"

"खरं हाय. लिहा. लवंगेला दोन मिनिटं. फळ्या टाकायला वीस. ती मी घालवली, या नाथानं. मी मेल्यावरसुद्धा ती माझीच राहतील. आता तुमची लिहा."

"या फॉर्ममध्ये तशी जागा नाही."

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. नम्रतानं लिहायला घेतलं. बांधावर वीस मिनिटं. टेंपोत तीस. कुलपासमोर पंचवीस. गेटवर चाळीस.

"हे अधिकृत नाही," मॅडम म्हणाल्या.

"सही कुठे करू?" मी विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी नम्रताच्या अक्षराखाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "आता तुम्ही."

साडेबारा झाले. शिपाई कुलूप घेऊन दारात आला. तोच शिपाई, आज पँट घातलेली.

"वेळ झाली, मॅडम."

"लाव कुलूप," मी म्हटलं. "मी आत बसतो. त्या दिवशी बाहेर बसलो होतो."

शिपायानं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी घड्याळाकडे. मग त्यांनी पेन उघडलं आणि मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहिलं, 'मिळाले.' खाली सही, तारीख. पुढच्या बाजूचं घरगुती उपायाचं वाक्य मात्र त्यांनी खोडलं नाही.

नम्रतानं दोन्ही बाजूंचे फोटो काढले. आम्ही बाहेर आलो. शिपायानं मागे कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

"परत कधी यायचं?" मी विचारलं.

"चार ते सहा," तो म्हणाला.