अंबुबाईंची हरकत

माझ्या प्रबंधाचा विषय होता राजसत्तेला लागणारी प्रजेची संमती. अर्वाचीन करारवाद्यांनी ही कल्पना मध्ययुगीन मठांतल्या पंडितांकडून घेतली आणि तिच्या अटी मात्र मठातच ठेवल्या, हे मी चारशे पानांत सिद्ध केले. त्यांतली एक अट अशी : गप्प राहणाऱ्याची संमती गृहीत धरावी, पण त्याला बोलणे शक्य असेल तरच. ही अट मी तळटिपेत घातली होती.

१९५४ साली आकुर्डीच्या चावडीवर भूसंपादन अधिकारी आले. कारखान्यासाठी जमीन हवी होती. तीत माझ्या चुलतीचा, अंबुबाईंचा, मळा होता. तिथली विहीर खणताना सुरुंगाने तिचे यजमान, माझे चुलते, गेले होते. पोरक्या मला काकीनेच वाढवले.

आदल्या दिवशी तिने विचारले, "तू येशील न्हवं चावडीला?"

"येईन."

"मग झालं. माझी हीर तेवढी राहू द्या म्हनावं."

चावडीत थोरले चुलते दौलतराव पुढेच बसले होते. थोरल्या दिरासमोर काकी तीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. ती पायरीखाली, पदर ओढून उभी होती. अक्षर चांगले म्हणून अधिकाऱ्यांनी इतिवृत्त माझ्याकडे दिले होते.

"खातेदार अंबुबाई. हरकत आहे?"

पदर हलला. आवाज आला नाही.

दौलतराव हसले. "बाईमानूस काय बोलनार, सायेब? आमी हाय न्हवं. पुढं चला."

अधिकारी माझ्याकडे वळले. "बोलत नाहीत, म्हणजे संमतीच. शास्त्र काय म्हणतं, प्रोफेसर?"

भर चावडीत सरकारने शास्त्र विचारले, ते मला! मी म्हणालो, "सर्वसाधारणपणे, होय." आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : हरकत नाही.

तळटीप मला पाठ होती.

पुढे माझी हरकत मी तीनदा लेखी पाठवली. तिन्ही वेळा उत्तरासोबत माझ्याच हस्ताक्षरातल्या इतिवृत्ताची नक्कल आली.

विहिरीत मुरूम पडला त्या दिवशी मी घरी गेलो. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"काकी," मी म्हणालो, "मी बोलायला हवं होतं."

तिने सूप खाली ठेवले, कपाळाखाली पदर ओढला आणि थोरल्या दिरासमोर उभी राहायची तशी, भिंतीकडे सरकून, खाली मान घालून उभी राहिली.

ती आणखी नऊ वर्षे जगली. माझ्याशी बोलली नाही.