लवंडणारी उशी

"माणसानं टेकायचं कुठं तेवढं सांगा," सासूबाई माझ्या खांद्यामागून पुटपुटल्या. "सोफा तर उश्यांच्या नावावर केलेला दिसतोय."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सोफ्यावर सात उश्या होत्या. दोन्ही कोपऱ्यांत राखाडी, त्यांना टेकून मोहरी रंगाच्या, त्यांच्यापुढे दोन पांढऱ्या खडबडीत कापडाच्या आणि मधोमध एक लांबुडकी. प्रत्येकीच्या डोक्यावर हाताच्या कडेनं फटका मारून खळगा पाडलेला. आमच्या पलंगावर अशाच आणखी सात. झोपताना त्या उचलून खुर्चीवर रचायच्या, सकाळी मोबाइलमधला फोटो बघून परत मांडायच्या. माझ्या लग्नाच्या फोटोसाठीसुद्धा मला कुणी इतकं निरखून उभं केलं नव्हतं.

ही मांडणी एका बाईनं करून दिली होती. विकायला काढलेली घरं सजवणं हा तिचा धंदा. आम्ही तिला उशीबाई म्हणायचो. सासूबाईंना मात्र सांगितलं होतं की ती माझी मैत्रीण आहे आणि तिला हौस आहे.

कारण घर विकायला काढलंय हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. नवं घर नवऱ्याच्या कामाजवळ होतं आणि तिथे झोपायच्या खोल्या दोनच होत्या. एक आम्हाला, एक लेकीला. सासूबाई नणंदेकडे जाणार, दुसऱ्या गावी. हेही त्यांना ठाऊक नव्हतं. घर नवऱ्याच्या नावावर होतं. त्यांची सही लागत असती, तर निदान तेवढ्यासाठी तरी कुणाला तोंड उघडावं लागलं असतं. नवरा म्हणे, "गिऱ्हाईक पक्कं होऊ दे, मग सांगू." नणंद म्हणे, "मी घ्यायला तयार आहे, पण सांगायचं तुम्ही." मी म्हणे, पोटच्या मुलानं सांगायचं की सुनेनं? महिनाभर आम्ही ते एकमेकांच्या दारात ठेवून पळत होतो.

आणि लपवायला निघालो कशामागे, तर उश्यांमागे! सासूबाईंनी चौतीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात उश्या शिवल्या आणि भरल्या. आमची डोकी तेव्हा कुठं होती कोण जाणे.

मंगळवारी मी बाजारातून आले तर उजवीकडची मोहरी उशी मागे आणि राखाडी पुढे. मी फोटोशी ताडून ती परत जागेवर ठेवली. बुधवारी पुन्हा मागे. सासूबाई समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. अर्धा तास झाला तरी पान उलटलं नव्हतं.

"आई, ही उशी कुणी हलवली का?"

"उशीला काय पाय आहेत?" त्या म्हणाल्या. हे काही उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. त्या माझ्यावर ठेवून होत्याच. मी फोनवर बोलायला लागले की त्यांना नेमकी तहान लागायची. मी त्यांच्या खोलीत गेले की त्या फोन मांडीखाली सारायच्या. नणंद फुटली, मी मनात म्हटलं.

"तू काही बोललीस का तिच्याशी?" नवऱ्यानं बाथरूमच्या दारात मला अडवून हळूच विचारलं.

"मी? तुमच्या बहिणीला विचारा."

"ती म्हणते, तुझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही."

"अहो, महिनाभर दुसरं काय राहिलंय माझ्या पोटात?"

"बाळ्या," पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "आंघोळ करतोयस की मीटिंग घेतोयस?" बाळ्या एक्कावन्न वर्षांचा आहे. त्यानं घाईघाईनं नळ सोडला.

शनिवारी अकराला गिऱ्हाईक येणार होतं. उशीबाई दहालाच आली, सासूबाईंच्या खोलीसाठी आणखी तीन उश्या घेऊन. आधी तिनं घरभर फिरून जुन्या मोजल्या.

"तेराच आहेत," ती म्हणाली. "एक मोहरी कमी आहे."

आम्ही सोफ्याखाली बघितलं, कपाटात बघितलं, धुण्याच्या टोपलीत बघितलं. नवरा तर फ्रिज उघडून उभा राहिला. शेवटी मी सासूबाईंचं दार ढकललं.

त्या चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर मोहरी उशी, अभ्रा बाजूला, एक शिवण उसवलेली आणि आतलं भरण चादरीवर पिंजून ठेवलेलं. उशीबाईच्या घशातून कसलासा आवाज आला.

"ओरडू नका," सासूबाई म्हणाल्या. "लंगडी होती तुमची उशी. सारखी लवंडायची. मी मागे सारायची, ही पुन्हा पुढे आणून बसवायची. सगळं भरण एका कोपऱ्यात गोळा झालं होतं." बोलता बोलता मूठमूठ भरण आत सारून त्या अंगठ्यानं कोपरे भरत होत्या.

म्हणजे एवढंच होतं तर. मला हायसं वाटलं. नवऱ्यानंही श्वास सोडला.

मग त्यांनी अभ्रा उलटा करून आमच्यापुढे धरला. आतल्या शिवणीत एक कापडी पट्टी होती आणि तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, 'सोफा, नग पाच'.

"आम्हीपण घालायचो असे नंबर. भाड्यानं जाणाऱ्या मालाला. नाटकवाले न्यायचे. घरच्या उशीला कुणी नंबर घालत नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चौदाच्या चौदा उलटून बघितल्या मी. बाळ्या, आपल्याकडे कुठलं नाटक बसतंय?"

"अगं, ट्रायलला आणल्यात. आवडल्या तर ठेवू."

"चौदा?"

"ह्यांच्याकडे तशी पद्धत आहे." नवऱ्यानं उशीबाईकडे बोट केलं. उशीबाई पंखा निरखत होती.

"आणि त्या हातातल्या तीन? माझा पलंग कुणाला दाखवायचाय?"

उशीबाईनं त्या पाठीमागे धरल्या. सासूबाईंनी शेवटचे टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. अभ्रा चढवून उशीवर हाताच्या कडेनं एक फटका दिला. खळगा उशीबाईच्या खळग्यापेक्षा सरळ पडला.

"घर विकताय ना?" दूध आलं का विचारावं तसं त्यांनी विचारलं. "मग विका की! त्याच्यासाठी एवढी चोरी? मी काय ह्या भिंतींना चिकटून जन्माला आलेय?"

"आई, तुला राग नाही आला?"

"आला ना. मला बावळट समजलात त्याचा."

नवरा मोठ्यानं हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. आईशेजारी धपकन बसला, उशीबाईही हसायला लागली. सासूबाईंनी तिच्या हातातल्या तिन्ही उश्या घेतल्या आणि उशाशी मांडल्या, मोठी मागे, धाकट्या पुढे. मग त्या वाकून पलंगाची कड वितीनं मोजायला लागल्या.

"हा तिथे खिडकीला लागून बसेल ना? सकाळचं ऊन गुडघ्यावर आलं की मला बरं पडतं. खोली लहान असली तर आत्ताच सुताराला सांगा, वीतभर कापून देईल. मला काय, एकटीला पुरतो."

नवऱ्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच 'नंतर' म्हणाला. उशीबाई काहीतरी पुटपुटत बाहेर सटकली. तेवढ्यात बेल वाजली. आमच्यातलं कुणी हललं नाही.

"अरे, बोला की. खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

त्यांची वीत पलंगाच्या कडेवर तशीच ताणलेली होती. त्यांनी मुलाकडे बघितलं. तो खाली बघत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी बारीक डोळे करून, आणि नजर काढेचनात.

"आई," मी म्हणाले, "त्या घरात तुमच्यासाठी खोली नाहीये. तुम्हाला ताईंकडे पाठवायचं ठरवलंय आम्ही."