मढ-मार्वे रस्त्यावरचे थांबे

सईने आजी-आजोबांना गाडीतून समुद्र दाखवायचं ठरवलं, तेव्हा घाटकोपरच्या राण्यांच्या घरात कौतुकाला नुसता ऊत आला. गाडी तिच्या बापाची, राजेशची. लायसन्स मात्र तिचं, आणि तेही जेमतेम चार महिन्यांचं. आजीने, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि नवऱ्याला गाऱ्हाणं घालायला लावलं. चंद्रप्रकाशांनी गावच्या देवाला हाक मारून पोरीला सुखरूप ने, सुखरूप आण म्हणून सांगितलं. आजी-नातीने दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हटलं. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमनही उगाच हात जोडून उभा राहिला.

"खय खय थांबूचा हा?" रुक्मिणीबाईंनी गाडीत बसताबसता विचारलं.

"सरप्राइज आहे आजी. चार थांबे, फोनमध्ये सगळं सेट. तुम्ही दोघांनी फक्त झकास फोटो काढून घ्यायचे."

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर दोघी अखंड बोलत होत्या. मालाडला हायवे सुटला, गाडी मार्वे रोडला लागली आणि मागच्या सीटवर चंद्रप्रकाश सावरून बसले. हा रस्ता त्यांनी चोवीस वर्षं टाळला होता. मालाडला लग्न असलं तरी त्यांचा नेमका त्याच दिवशी गुडघा दुखायचा.

याच रस्त्याच्या पुढे, अक्साच्या किनाऱ्यावर, त्यांचा धाकटा मुलगा माणिक बुडाला होता. एकोणीस वर्षांचा. सईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरात त्या जागेचं नाव कोणी घेत नसे, "काका समुद्रात गेला" एवढंच पोरीला ठाऊक. रुक्मिणीबाईंनीही हा रस्ता कधी पाहिला नव्हता. त्यांना त्या दिवशी थेट हॉस्पिटलात नेलं होतं. तिथेच, हवालदार लिहून घेत असताना, चंद्रप्रकाशांच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं होतं. "मी नको म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही."

हे वाक्य खोटं होतं. किनाऱ्यावर घरचे असे बापलेक दोघंच होते, त्यामुळे खोटं म्हणायला कोणी उरलं नव्हतं. मग ते घरभर झालं. चंद्रप्रकाशांचे मुलुंडला राहणारे थोरले भाऊ भाऊराव बाराव्याला चार माणसांत म्हणाले, पोराने दर्याशी मस्ती केली. माणिकची मोठी बहीण दीप्ती आपल्या मुलांना अजून सांगते, मामासारखा हट्टीपणा करू नका. आणि रुक्मिणीबाई दर पितृपक्षात त्याचं पान बाहेर ठेवताना म्हणतात, "ये, जेव. आता तरी आयक." ते ऐकताना चंद्रप्रकाश खाली मान घालून बसत. खरं सांगावं असं त्यांना शंभरदा वाटलं होतं, पण सांगितलं तर ही बाई उरलेल्या आयुष्यात आपलं तोंड बघणार नाही, या भीतीने त्यांच्या जिभेला कुलूप लागलं होतं. माणूस भित्रा होता, दुसरा शब्द नाही.

पहिला थांबा मार्व्याचा. पलीकडे मनोरीला जाणाऱ्या होड्या, त्यांत चढवलेल्या मोटारसायकली, सगळं बघून रुक्मिणीबाई हरखल्या. मग सईने गाडी वळवली ती थेट मढच्या टोकाला नेली. किल्ला बाहेरूनच बघावा लागला, पण कोळीवाड्यात बोंबील वाळत घातलेले दिसले आणि रुक्मिणीबाईंनी काच खाली करून छाती भरून वास घेतला. "माझ्या माहेरचो वास!" त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. वाटेत त्यांना अक्साचा फाटा दिसला नव्हता. त्या नातीशी बोलत होत्या. चंद्रप्रकाशांना दिसला होता.

परतताना तिसरा थांबा एरंगळचा. पाण्याच्या काठचं ते जुनं चर्च, समोर शांत वाळूची पुळण. सईने दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला.

"आजोबा, हसा ना यार. चेहरा बघा कसा केलाय."

"डोक्या दुखता माझा. घराक जावया."

"एकच थांबा राहिलाय. दहा मिनिटं फक्त, प्रॉमिस."

इथे त्यांना बोलता आलं असतं. पोरगी शहाणी, तिने तिथूनच गाडी घराकडे घेतली असती. पण कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ते पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत बसले.

चौथ्या थांब्यावर उतरल्याउतरल्या पाटी होती. समुद्र धोकादायक आहे, पाण्यात उतरू नये. खाली जागेचं नाव. रुक्मिणीबाईंनी ते वाचलं. पोलिसांच्या कागदावर त्यांनी ते एकदा वाचलं होतं, पुन्हा वाचायची गरज पडली नव्हती.

"हीच मा ती जागा?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

त्यांनी मान हलवली. सईला क्षणभराने उमगलं. "आजी, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं गं."

"तुझी काय चूक, बाय?" म्हणत रुक्मिणीबाई पुढे निघाल्या आणि ओल्या वाळूपाशी जाऊन फतकल मारून बसल्या. ओहोटी लागली होती. एकाएकी त्यांचा बांध फुटला. "नको म्हणताना कित्याक गेलंस रे? बापाशीचा एकदा तरी आयकूचा होता मा!"

चोवीस वर्षांत हे चंद्रप्रकाशांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण इथे, याच पाण्यापुढे, ते त्यांच्याने ऐकवेना. गुडघे न वाकणारा तो म्हातारा वाळूत बसला.

"रुक्मिणी, मीच तेका पाण्यात जा म्हटलंय."

त्या वळल्या.

"आपल्या गावात ओहोटीक पोरांक सोडतत. भरतीक नाय सोडीत, ओहोटीक सोडतत. मी तसाच समजलंय. मुंबयचे लोक काठार उभे होते, कोण उतरत नाय होतो. माका हसू इला. ह्यांका दर्या काय ठावक, म्हटलंय." गावची पुळण दोन डोंगरांच्या कुशीत होती, तिथली ओहोटी पोरांना गुडघाभर पाण्यात खेळवायची. इथली ओहोटी माणूस ओढून नेते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"तो काय म्हणालो?"

"म्हणालो, बाबा, पायाखालची रेती सरकता. मी मागे येतंय. मी म्हटलंय, घाबरतंस काय, राण्यांचो झिल मा तू?"

लाटा येऊन जात होत्या. जीवरक्षकाने दोघा-तिघांना शिटी मारून मागे हटवलं.

"म्हणजे तो भियालो होतो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"व्हय."

"आणि चोवीस वर्षां मी तेका वायट बोललंय. जेवणाच्या पानार बोललंय."

त्या मारतील, शिव्या देतील, कपाळ बडवून घेतील, असं चंद्रप्रकाशांना वाटलं; तसं झालं असतं तर बरं झालं असतं. रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सईच्या हाताला धरून त्या उठल्या, लुगड्याची वाळू झटकली आणि गाडीत पुढे, नातीशेजारी जाऊन बसल्या. मागची सीट त्यांना एकट्याला राहिली.

"आजी, घरी जाऊया," सई हलकेच म्हणाली. ती रडत होती.

"नाय. बोरिवलीक दीप्तीकडे घे. मगे मुलुंडाक भाऊरावांकडे. मगे तुझ्या बापाशीकडे. जेंका जेंका सांगललां, तेंका ह्यांनी परत सांगूचा."

"फोनार सांगतंय मी," चंद्रप्रकाश मागून म्हणाले. "आजच सांगतंय."

सईने फोनमधला नकाशा पुसला आणि आत्याचा पत्ता टाकला. वाटेभर म्हाताऱ्याने दोनदा गाडी थांबवायला सांगितलं, एकदा पाणी प्यायला, एकदा उलटी येतेय म्हणून. रुक्मिणीबाई दोन्ही वेळा समोर बघत बसून राहिल्या आणि त्यांचं झालं की म्हणाल्या, "चल."

दीप्तीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेल रुक्मिणीबाईंनी दाबली आणि त्या बाजूला झाल्या. दार उघडलं तेव्हा दीप्तीच्या हाताला कणीक होती. "अगोबाई, तुम्ही सगळे असे अचानक? या ना आत. बाबा, बाहेर का उभे? बसा आधी."

चंद्रप्रकाशांनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"दीप्ती," ते म्हणाले, "माणकान माझा आयकल्यान. म्हणान तो गेलो."