टॉवरवरची चाळीस मिनिटं

अनसिंग गावापासून दोन कोसांवरच्या टेकडीवरलं टीव्हीचं छोटं प्रक्षेपण केंद्र बंद पडून बरीच वर्षं झाली होती. घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या आणि टॉवरची कुणाला गरज उरली नाही. आता ग्रामपंचायत गावाची स्मरणिका काढत होती. केंद्राचा इतिहास लिहायचं काम शाळेतल्या वैजयंती मॅडमांकडे आलं, म्हणून त्यांनी पारावर माणसं जमवली. सव्वीस वर्षं ते केंद्र सांभाळणारे जगदेवही आले.

कुणी काय सांगावं? जो तो एकच गोष्ट सांगे.

"सारं गाव पाहे त्या मालिकेचा शेवटचा भाग होता बाई, आन ऐन वक्ताले पडद्यावर मुंग्या! चाळीस मिनिटं!"

"जगदेव झोपला होता," रामधन म्हणाला. हे तो तीस वर्षं सांगत होता आणि दरवेळी लोक हसत होते.

जगदेवांच्या कपाळाची शीर उडू लागली. विजा पडल्या, उंदरांनी वायरी खाल्ल्या, तापानं फणफणत असताना त्यांनी यंत्र चालू ठेवलं. त्याचं कुणाला काही नाही. त्या दिवशी लोकांनी दगड मारून केंद्राच्या खिडक्या फोडल्या, वरून साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तरीही ते गप्प राहिले होते, कारण शब्द दिला होता. पण ज्याला दिला, त्यानंच हसावं?

"बस झालं, रामधन!" ते उठले. "मॅडम, लिवा. सारं गाव टीव्हीपुढं होतं, तवा हा टॉवरवर मधाचं मोहोळ काढाले चढला. माश्या उठल्या, डोये सुजले, याले ना वर जाता ये ना खाली. चालू टॉवरवर चढता येत नाही, मंग मी मशीन बंद केली, कांबळं पांघरून वर गेलो, याले दोरानं बांधून उतरवलं. खाली आल्यावर माह्ये पाय धरले. म्हणे, सरकारी टॉवर हाय, केस होईन, नवं लगन हाय, कोनाले सांगू नका."

"खोटं!" रामधन ओरडला. "माह्यावर कायले ढकलून राह्यले?"

पाराखाली बायकांत त्याची बायको रामीबाई बसली होती. तिनं पदर सावरला.

"काहून खोटं बोलता? त्या दिशी तोंड भोपळ्यावानी सुजलं होतं तुमचं. मले म्हने, वावरात माश्या चावल्या. चार दिस मी हळद लावली."

रामधननं मान खाली घातली. तो पुटपुटला, "चुकलं माह्यं, जगदेवभाऊ. पयल्या दिशी भेवानं बोललो. मंग लोक हसत गेले, मी सांगत गेलो."

जगदेवांना वाटलं होतं, हे ऐकून मन हलकं होईल. झालं नाही. तीस वर्षांचा राग असा एका वाक्यात कुठं मावतो? तरी ते खाली बसले आणि रामधननं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला.

"मग हे लिहू ना?" मॅडमांनी विचारलं.

"लिवा," रामधन म्हणाला. "फक्त माह्यं नाव जरा बारीक अक्षरात टाका."

"पाहा मॅडम!" जगदेवांनी कपाळावर हात मारला. "आता बी याले अक्षराचीच पडली!"