अंगठ्याचा खळगा

कोण बोलतंय म्हणून दाराकडे बघू नका. खिडकीत बघा, कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी. मी सुताराचा रंधा. जन्माने स्वीडनचा, सध्या मुक्काम फेल्डहोवन या डच गावात, भार्गवीच्या घरी.

मी बर्चच्या लाकडाचा. लहानपणातलं मला फक्त बर्फ आठवतं, आणि त्या बर्फातून गाव सोडून निघालेला तरुण लेनार्ट. त्याच्या पिशवीत मी होतो. इथे आला, इथल्याच आन्नेकेशी लग्न केलं, आणि आम्ही दोघांनी निम्म्या गावाची दारं सरळ केली. दोघांनी म्हणजे मी आणि लेनार्टने. उगाच श्रेय कशाला सोडू? त्याचा अंगठा टेकून टेकून माझ्या पाठीवर खळगा पडला.

लेनार्ट पक्का नास्तिक. टेप लावून मोजता येईल तेवढंच खरं, असं म्हणायचा. रविवारी आन्नेके चर्चमध्ये गेली की हा बाहेर सायकलींपाशी शीळ घालत उभा.

मग कोरोना आला. रस्ते झोपेत असल्यासारखे गप्प झाले. आन्नेकेला हॉस्पिटलात नेलं आणि भेटायला बंदी. शेजारची भार्गवी, कॉम्प्युटर चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतली इंजिनीअर, कुंपणावरून वरणभाताचा डबा पुढे करायची. "लेनार्ट, थोडं तरी खा हो," म्हणायची. तो मान हलवायचा आणि डबा तसाच राहायचा.

त्याच दिवसांत चर्चमधून निरोप आला. बाकं लांब लांब मांडायची होती. पाद्री म्हणाले, "आलाच आहात, तर पुढच्या बाकाची ही दांडीही सपाट करून टाका." गुडघे टेकताना माणसं जिला धरतात ना, ती दांडी. पिढ्यानपिढ्या हात पडून तिला खळगे पडले होते.

पाद्री गेले. लेनार्टने मला दांडीवर ठेवलं. मी तयारच! पण गडी ढकलेचना.

"ही आन्नेकेची जागा," तो पुटपुटला आणि खळग्यांवरून बोटं फिरवू लागला. मग मला खाली ठेवलं, तेही उभं, पातं जमिनीला टेकवून! अहो, धार जाऊ नये म्हणून सुतार रंधा नेहमी आडवा ठेवतो. लेनार्टने ही चूक जन्मात केली नव्हती. मी चिडणार, तेवढ्यात पाहिलं, तो गुडघे टेकून बसला होता. दोन्ही हात त्या खळग्यांत. रंगीत काचांतून ऊन हळूहळू उतरत होतं, त्यात लाकडाची धूळ तरंगत होती, आणि माझा लेनार्ट रडत होता. "तिला परत दे," एवढंच म्हणत होता, आमच्या गावाकडच्या भाषेत.

आन्नेके परत आली नाही.

तिची शवपेटी त्याने स्वतः केली. त्या फळ्यांवरून मी जमेल तितका अलगद चाललो. पांढरी सालपटं खाली पडत राहिली आणि मला ते जुनं बर्फ आठवत राहिलं. देवाचा मला भयंकर राग आला होता. वाटलं, आता कसला जातोय हा चर्चमध्ये!

पण रविवारी लेनार्ट निघाला. भार्गवीलाही राहवलं नाही. "एवढं होऊनही जाता तुम्ही?"

"मागितलं ते नाही मिळालं," तो म्हणाला. "पण त्या दांडीला हात लावला ना, की मी एकटा नसतो गं. ती असते. आणि आम्हा दोघांना धरून असणारा कुणीतरी असतो."

दांडी त्याने तशीच राहू दिली.

विमानं सुरू झाल्यावर तो स्वीडनला बहिणीकडे गेला. हात थरथरायला लागले होते. जाताना मला भार्गवीच्या ओंजळीत ठेवलं. गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला, लेनार्ट गेला.

आज भार्गवी खिडकीपाशी सँडपेपर घेऊन बसली आहे. त्याची आठवण म्हणून मला नव्यासारखं करायचंय म्हणे. प्रेमानेच करते आहे, दिसतंय मला. दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या, आता पाठीची पाळी.

अगं बाई, थांब! गंज काढ, तेल लाव, हवं ते कर. पण तो कागद जरा बाजूला ठेव आणि त्या खळग्यात नुसता अंगठा ठेवून बघ. तिथे लेनार्ट आहे.