रुंद टायर

गॅरेजवाल्याने चाक पुन्हा उतरवलं. "दादा, या नव्या चाकाचा ऑफसेट, म्हणजे आत बसायचं माप, कमी; त्यामुळे चाक आधीच बाहेर आलंय, त्यात टायर रुंद. मागे माणूस बसला की मडगार्डला घासणारच."

मागे बसायचे ते गाडीवाल्याचे वडील. त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांनी तो मेटाकुटीला आला होता. गाडी नटवायची हौस तेवढी उरली होती. पण टायर घासला की पेंगणारे बाबा दचकून जागे होत.

"मूळची चाकंच बसवा, अरुंद टायरची," तो म्हणाला.

"आणि हौस?"

"राहू दे."

गॅरेजमधल्या बाकावरून बाबांनी विचारलं, "झालं का रे?"

"होतंय, बाबा. टेका जरा."

परतताना बाबा वाटभर गाढ झोपले. गाडी आता चारचौघींसारखीच दिसत होती. त्याला वाईट वाटलं, तरी खड्डे चुकवत त्याने ती सावकाश घरी आणली.