अडीचशे दिरहमची मर्यादा

परीक्षा सेंटरच्या काउंटरवर दत्तप्रसादने नोटा मोजून ड्रॉवरमध्ये टाकल्या, पावती फाडली आणि पेनाच्या टोकाने मागच्या भिंतीवरची चौकट दाखवली.

"वाचा, ताई. परीक्षेची फी जास्तीत जास्त अडीचशे दिरहम. कायदा आहे. वर एक दिरहम आम्ही घेत नाही. म्हणजे आपले सहा हजार रुपये फक्त."

चौकटीची काच तो रोज पुसत असावा. ब्युटिशियनच्या परवान्याच्या परीक्षेला सेंटरने किती फी घ्यावी, याची मर्यादा तिच्यात अरबीत आणि इंग्रजीत छापलेली होती. ती ज्याने ठरवली त्याचा हेतू चांगलाच असणार. पोटासाठी इतक्या लांब आलेल्या बायकांना परीक्षेच्या नावाखाली कुणी लुबाडू नये, एवढाच. फक्त त्या भल्या माणसाची दत्तप्रसादशी ओळख नव्हती.

गणित सोपं आहे, चौथीतल्या मुलालाही सुटेल. परीक्षेच्या फीला मर्यादा आहे. परीक्षेआधीच्या क्लासच्या फीला नाही. क्लास तीन दिवसांचा, अठराशे दिरहमचा आणि ऐच्छिक. जी तो करते ती पास होते. जी करत नाही ती होत नाही. आता यात कायदा कुणी मोडला, ते शोधून दाखवा.

"या वेळी तरी क्लास करायचा होतात," दत्तप्रसाद म्हणाला. "कोकणातल्या आहात म्हणून सांगतो."

"शिकवतं कोण?" सगुणाने विचारलं.

"आमच्या अपर्णा मॅडम. परीक्षाही त्याच घेतात."

"दोरा धरता येतो त्यांना?"

दत्तप्रसादने पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

सगुणा लांज्याची. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं भुवया कोरत आलेली, त्यातली अकरा शारजाला अल मजाजच्या एका लेडीज सलूनमध्ये. आजवर तिला कुणी कागद विचारला नव्हता. या वर्षी व्हिसा संपताना मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट आलं तर व्हिसावर 'ब्युटिशियन' लिहू, नाहीतर 'हेल्पर'. हेल्परने गिऱ्हाइकाला हात लावायचा नसतो.

दोन महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा परीक्षेला बसली आणि नापास झाली. तेव्हा चूक तिचीच होती. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, असं ती लांज्यात शिकली होती. इथे ते चालत नाही. तोंडाला लागलेला दोरा दुसऱ्याच्या कातडीवर फिरवायचा नाही, हा नियम योग्यच आहे, आणि तिनेही तो योग्यच म्हटला. सलूनमध्ये ती केव्हापासून दोरा मानेत अडकवूनच काम करायची. पण त्या दिवशी घाबरून हात जुन्या वळणावर गेला आणि टोक दातांत आलं. मग शिकाऊ मुली करतात तसं तिने केलं. रोज रात्री खोलीवर स्वतःच्या पोटऱ्यांवर दोरा फिरवला. पंधरा दिवसांत पोटऱ्यांवर केस उरले नाहीत, आणि दातांना दोऱ्याचा विसर पडला.

परीक्षेला मॉडेल आपली आपण आणायची असते. या वेळी तिने माहनूरला आणलं होतं. माहनूर त्याच सलूनमधली, पेशावरची, चोवीस वर्षांची. तिला दोरा धरायला सगुणानेच शिकवलं. तिचा क्लास मात्र भावाने पैसे भरून करवला होता, त्यामुळे ती पहिल्याच फटक्यात पास. तिचं सर्टिफिकेट सलूनमध्ये आरशावर लावलेलं होतं.

अपर्णा मॅडम वही घेऊन समोर बसल्या होत्या. सगुणाने हात धुतले, दोरा नवा घेतला, मानेत अडकवला. माहनूरच्या दोन्ही भुवया नऊ मिनिटांत झाल्या. तेवढ्या वेळात मॅडमनी वहीत दोनदा पाहिलं आणि फोनमध्ये बाकी सगळा वेळ.

"रिझल्ट संध्याकाळी मेसेजने," त्या म्हणाल्या. सगुणाकडे त्यांनी अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. हे त्यांना चांगलं जमायचं. कारण दर दुसऱ्या गुरुवारी त्या दुबईतल्या अल बर्शाहून गाडी काढून अल मजाजला यायच्या, आणि सगुणाच्याच खुर्चीत बसायच्या.

तो गुरुवारच होता.

सहा वाजता मॅडम आल्या. मैत्रिणीकडे पार्टी होती. यल्ला, पटकन कर, ट्रॅफिक फार आहे, असं म्हणत त्या मागे टेकल्या, डोळे मिटले आणि उजव्या भुवईवरची कातडी दोन्ही हातांच्या बोटांनी ताणून धरली. असं धरून ठेवावं लागतं, नाहीतर दोरा कातडी पकडतो. सकाळचा विषय त्यांनी काढला नाही, सगुणानेही नाही. उजवी भुवई झाली. मॅडमनी न सांगता हात डावीकडे नेले आणि डावी ताणून धरली.

तेवढ्यात सगुणाचा फोन वाजला. माहनूरने तो उचलून तिच्यासमोर धरला आणि इंग्रजी मेसेज हळू आवाजात वाचला. पात्र नाही. तयारीचा क्लास करण्याची शिफारस.

सगुणाने हातातला दोरा सैल सोडला. मग तिने विचारलं, "मॅडम, सकाळी माझं काय चुकलं?"

मॅडमनी डोळे उघडले नाहीत. "सगुणा, पर्सनली घेऊ नकोस गं. तो क्लास करून टाक. खलास."

"चुकलं काय, ते सांगा. सुधारेन."

"अगं, चुकायचं काय त्यात? तुझा हात चांगला आहे, म्हणून तर मी इतक्या लांब येते. सिस्टिम असते एकेक. चल, कर आता, उशीर होतोय."

सगुणाने मानेतला दोरा काढला. त्याची लहानशी गुंडाळी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"माहनूर, तू कर," ती म्हणाली. "मेरे को अभी कस्टमर को हाथ लगाना मना है. मैं फेल हूँ."

माहनूर पुढे आली. तिने दोरा घेतला, मानेत अडकवला आणि डाव्या भुवईवर वाकली. मॅडम बोटांनी कातडी ताणून तशाच बसल्या होत्या. माहनूरने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. जोडीची भुवई जुळवणं तिला अजून येत नव्हतं. सलूनमध्ये ती दुसरी भुवई नेहमी सगुणाकडून करून घ्यायची.

"दीदी," ती अगदी हळू म्हणाली, "यहाँ से कितना लूँ?"

मॅडमच्या मिटलेल्या पापण्या हलल्या, पण त्यांनी त्या उघडल्या नाहीत.

सगुणा खुर्चीपासून दोन हात लांब होती. तिने हात पाठीमागे बांधले. पोरीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तशाच आवाजात ती सांगू लागली. "नीचे से दो बाल. बस. अब कोना मत छूना. ऊपर वो एक अकेला है ना, वो निकाल. आराम से, डर मत. अब पीछे हटके देख, दूसरी के जैसी हुई?"

"थोड़ी मोटी है."

"तो तू ही बता, कहाँ से?"

माहनूरने बोट ठेवलं. बरोबर जागी ठेवलं.

"शाबास. ले."

सगळं सांगून होईपर्यंत चौदा मिनिटं गेली. पूर्ण वेळ मॅडमना कातडी धरून, डोळे मिटून ते ऐकावं लागलं. मग माहनूरने कापसाचा बोळा फिरवला आणि खुर्ची आरशाकडे वळवली. दोन्ही भुवया सारख्या होत्या. मॅडम त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

सगुणाने कोपऱ्यातला झाडू आणला. खुर्चीखालचे बारीक केस ती गोळा करत आली आणि मॅडमच्या सँडलपाशी थांबली.

मॅडमनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा.